एडवर्ड्स 'प्युरिटन' आणि फ्रँकलिन 'विवेकवादी': ही विभागणी कितपत खरी?

ग्रंथकीट
एम.ए.च्या अमेरिकन साहित्याच्या पेपरात धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्स 'प्युरिटन युगा'त (इंग्लंडहून आलेल्या कडव्या प्रोटेस्टंटांच्या काळात) येतो आणि बेंजामिन फ्रँकलिन 'विवेकयुगा'त. पण एकाचा जन्म १७०३ चा, दुसऱ्याचा १७०६ चा. मग युगं वेगळी कशी? दोघांवर तुलनात्मक उत्तर लिहायचं तर संहितेतून नेमकं काय उचलावं?

कोपरखळी
ही विभागणी गाइडांच्या सोयीची आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक दोघांनीही वाचला होता. कल्पना अनुभवातून येतात, हे त्याचं म्हणणं एडवर्ड्सने प्रवचनात आणलं: नरक समजावून भागत नाही, श्रोत्याला तो जाणवला पाहिजे. 'सिनर्स इन द हँड्स ऑफ ॲन अँग्री गॉड' (एनफिल्ड, ८ जुलै १७४१) या त्याच्या प्रवचनातला आगीवर धरलेला कोळी (किडा) त्यासाठीच आहे.

सांगाडा मात्र जुन्या प्युरिटन प्रवचनाचाच. आधी बायबलचं वचन ('अनुवाद' या बायबलमधल्या पुस्तकातलं ३२:३५, पाय घसरण्याबद्दलचं), मग त्यातून काढलेला सिद्धान्त, त्याच्या पुष्टीसाठी दहा मुद्दे आणि शेवटी उपयोजन, म्हणजे ते सगळं श्रोत्यांना लागू करणं. सिद्धान्त असा की दुष्टांना या क्षणी नरकाबाहेर ठेवणारी एकच गोष्ट आहे, देवाची मर्जी. तिथवर दुष्ट म्हणजे 'ते'. उपयोजनात एकदम 'तुम्ही' सुरू होतं, आणि कोळी येतो तो तिथे. पाठ्यसंग्रहातला तेवढाच उतारा वाचणाऱ्याला हे वळण दिसत नाही, म्हणून प्रवचन नुसती आरडाओरड वाटते.

'चांगलं वागा, नाहीतर नरक' असा सारांश लिहू नका. एडवर्ड्स ज्याला मानतो त्या धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या मतात सत्कृत्यांनी कोणी तरत नाही, देवाची कृपा व्हावी लागते. शेवटी ख्रिस्ताने दयेचं दार सताड उघडलंय असंही एडवर्ड्स सांगतो. उत्तरांत हे हमखास गळतं.

शाईपेन
फ्रँकलिनकडून आत्मचरित्राच्या दुसऱ्या भागातला (१७८४, पॅरिसजवळच्या पासीत लिहिलेला) सद्गुणांचा तक्ता घ्या. आडव्या १३ ओळी सद्गुणांच्या, उभे ७ रकाने वारांचे, चूक झाली की काळा ठिपका. आठवड्याला एकाच सद्गुणावर भर, म्हणजे १३ आठवड्यांची एक फेरी आणि वर्षात चार. रोज स्वतःची झडती घेणं ही प्युरिटन रोजनिशीचीच सवय. फरक हेतूत आहे. प्युरिटन माणूस कृपेच्या खुणा शोधतो, फ्रँकलिन ठिपके कमी करतो. सगळ्यात जड गेली ती 'व्यवस्था' (नीटनेटकेपणा), हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय.

बॉस्टनच्या प्युरिटन धर्मोपदेशक कॉटन मॅदरच्या भलं करण्यावरच्या पुस्तकाचं ऋणही तो मान्य करतो. पण १७२२ मध्ये, सोळाव्या वर्षी, 'सायलेन्स डूगुड' या विधवेच्या नावाने १४ पत्रं लिहिली तेव्हा त्या टोपणनावात मॅदरलाच चिमटा होता. 'प्युरिटनांना नाकारलं' एवढ्यावर थांबलात तर हे सगळं सुटेल.

आडवाट
तुम्हा दोघांचंही बरोबर, तरी एडवर्ड्स आणि फ्रँकलिनला फार जवळ आणू नका. माणूस स्वतःच्या बळावर सुधारू शकतो की नाही, या प्रश्नावर ते समोरासमोर उभे आहेत. आदिपाप (माणूस जन्मतःच पापी असतो हे मत) मानणाऱ्याला १३ ओळींचा तक्ता पोरखेळच वाटणार.

दोन प्रवाह एकाच माणसात हवे असतील तर अमेरिकन क्रांतिकाळातला लेखक टॉमस पेन पाहा. त्याचं 'कॉमन सेन्स' (जानेवारी १७७६) राजेशाहीविरुद्ध शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा आठवा अध्याय पुरावा म्हणून वापरतं: इस्राएल लोक राजा मागतात आणि देवाला ते रुचत नाही. 'एज ऑफ रीझन'मध्ये (१७९४) तोच पेन बायबलवर तुटून पडतो.

आपल्याकडे पेन म्हटलं की जोतीराव फुले आणि 'राइट्स ऑफ मॅन' आठवतं. ते पुस्तक मात्र १७९१-९२ मध्ये लंडनमध्ये, फ्रेंच क्रांतीवर टीका करणाऱ्या बर्कला उत्तर म्हणून निघालं. या पेपरात ते अमेरिकन क्रांतीचं पुस्तक म्हणून देऊ नका. फुल्यांचा अमेरिकेशी थेट धागा हवा असेल तर 'गुलामगिरी'ची (१८७३) अर्पणपत्रिका आहे, गुलामी मोडण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना उद्देशून.

ग्रंथकीट
धन्यवाद. मग एडवर्ड्सला 'प्युरिटन' म्हणायचं की नाही?

कोपरखळी
'कॅल्व्हिनवादी, ग्रेट अवेकनिंगचा (अमेरिकेतल्या अठराव्या शतकातल्या धर्मजागृतीच्या लाटेचा) उपदेशक' लिहा. 'प्युरिटन' हे सतराव्या शतकातल्या ब्रॅडफर्ड, विन्थ्रॉप, ॲन ब्रॅडस्ट्रीट यांच्यासाठी राखून ठेवा. आणि त्या यादीत 'स्कार्लेट लेटर' घुसवू नका. ती कादंबरी १८५० ची आहे, हॉथॉर्नने दोनशे वर्षांनी मागे वळून लिहिलेली.