सल्ला हवा: मुलगा राखीव कॅचर आहे, त्याला कोणाची कारकीर्द दाखवू?

सॅनहोजेकर_आई: मंडळी, माझा १२ वर्षांचा मुलगा इथल्या बेसबॉल संघात दुसरा कॅचर आहे (आपल्या यष्टिरक्षकासारखा; पिचर म्हणजे गोलंदाज, त्याचे चेंडू हा झेलतो). पहिला कॅचर खरंच चांगला खेळतो, त्यामुळे ह्याच्या वाट्याला एखाद-दोन इनिंग येतात. परवा गाडीत म्हणाला, "मी फक्त पिचरांचा सराव करून द्यायला आहे." मेहनत कर, संधी मिळेल, हे सांगून झालं. आता त्याला असा खेळाडू दाखवायचाय जो स्वतः बाकावर बसलेला होता. मी क्रिकेटवर वाढलेय, सुरुवात कुठून करू?

बुलपेनवाला: ताई, ब्रूस बोची. दुसरं नाव शोधूच नका. १९७८ ते १९८७ या काळात ह्यूस्टन, न्यूयॉर्क मेट्स आणि सॅन डिएगोकडून ९ हंगामांत मिळून ३५८ सामने. एका हंगामात संघ १६२ सामने खेळतो, म्हणजे बघा किती बसला असेल. फलंदाजीची सरासरी ०.२३९, म्हणजे १०० प्रयत्नांत साधारण २४ यशस्वी फटके (हिट). पुढे मॅनेजर झाला (बेसबॉलमधला मॅनेजर हिशेब-तिकिटं बघणारा नसतो, सामना तोच चालवतो) आणि तुमच्या शेजारच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सला २०१०, २०१२ आणि २०१४ची वर्ल्ड सिरीज (मोठ्या लीगच्या विजेतेपदाची अंतिम मालिका) जिंकून दिली. निवृत्त होऊन परतला, तर २०२३मध्ये टेक्सासला त्यांची पहिली.

राखीव कॅचर बुलपेनमध्ये (राखीव पिचर हात गरम करतात त्या जागेत) पिचरांचे चेंडू झेलत असतो. कोणाचा हात आज जड आहे, कोण घाबरलाय, हे त्याला हातमोज्यात कळतं. मॅनेजरचा सगळ्यात अवघड निर्णय तोच असतो: पिचर कधी बदलायचा.

मुलाला २०१४च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा, निर्णायक सामना दाखवा. जायंट्सकडे ३-२ अशी एका धावेची आघाडी, आणि बोचीने नऊपैकी पाचव्या इनिंगला त्यांचा पिचर बमगार्नरला आणलं. तीनच दिवसांपूर्वी त्याने अख्ख्या सामन्यात एकट्याने पिचिंग केली होती! शेवटपर्यंत त्यालाच ठेवला, ५ इनिंगमध्ये एकही धाव नाही. समोरच्या कॅन्सस सिटीचा मॅनेजर नेड योस्ट, तोही जुना राखीव कॅचर.

खेळवेडा_ओकलंड: बोची उत्तमच, पण १२ वर्षांच्या मुलाला स्टीवन व्होट जास्त जवळचा वाटेल, तोही कॅचरच. मोठ्या लीगमध्ये पहिल्या ३२ प्रयत्नांत एकही हिट नाही! मग ओकलंडकडून २०१३मध्ये पहिली हिट लागली ती थेट होमरन (आपला षटकारच समजा). २०२२मध्ये कारकिर्दीतल्या शेवटच्या फलंदाजीलाही होमरनच. नंतर एक वर्ष सिएटलला बुलपेन कोच, आणि २०२४मध्ये क्लीव्हलंडचा मॅनेजर. पहिल्याच वर्षी अमेरिकन लीगचा (मोठ्या लीगच्या दोन गटांपैकी एक) सर्वोत्तम मॅनेजर ठरला.

जुना_कीपर: मी कॉलेजात दुसरा यष्टिरक्षक होतो, दोन वर्षांत तीन सामने. म्हणून सांगतो, 'पुढे मॅनेजर होशील' असं त्याला आत्ता म्हणू नका. त्याला आज खेळायचंय. त्यापेक्षा एक वही द्या, प्रत्येक पिचरबद्दल काय दिसलं ते लिहू दे. कोचनाही स्पष्ट विचारा, सराव सामन्यात पूर्ण वेळ मिळेल का.

सॅनहोजेकर_आई: सगळ्यांचे मनापासून आभार. कोचशी बोलले, शनिवारचा सराव सामना पूर्ण देतो म्हणाले. काल रात्री सातवा सामना लावला. बमगार्नर मैदानात आला तेव्हा मुलाने थांबवायला लावलं आणि विचारलं, "आई, आत्ता बुलपेनमध्ये त्याचे चेंडू कोण झेलत होतं?"