शिफ्ट-डिलीट म्हणजे कायमचं नव्हे

काहींना वाटतं की शिफ्ट-डिलीट (शिफ्ट दाबून डिलीट) केलं की फाइल डिस्कवरून पुसली जाते. तसं होत नाही. रिसायकल बिन टळतो, एवढंच. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवायच्या पद्धतीत, प्रत्येक फाइलची एमएफटी नावाच्या तक्त्यात नोंद असते. डिलीट केल्यावर त्या नोंदीवर ‘वापरात नाही’ अशी खूण होते आणि फाइलची जागा मोकळी धरली जाते. मजकूर तिथंच पडून राहतो, दुसरं काही त्यावर लिहिलं जाईपर्यंत.

माझाच अनुभव सांगतो. गेल्या वर्षी फोंड्याला मावसभावाने जत्रेतल्या नाटकाच्या फोटोंचा अख्खा फोल्डर उडवला. घाबरून त्याने रिकव्हरीचं सॉफ्टवेअर उतरवलं, तेही त्याच डिस्कवर! मी पोचल्यावर आधी कॉम्प्युटर बंद केला, डिस्क काढून माझ्या मशीनला जोडली आणि फोटोरेक हे रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवलं. ते नोंदी बघतच नाही, जेपेग प्रकारच्या फोटो-फाइलची सुरुवातीची खूण शोधत जातं. त्यामुळे बरेच फोटो आले, पण मूळ नावं गेली. एका फोटोत वर राजाचा फेटा आणि मिशी, खाली नुसता करडा पट्टा. तेवढ्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं होतं. मावसभाऊ अजून त्याला ‘अर्धो राजा’ म्हणतो.

हे सगळं फिरत्या तबकडीच्या डिस्कचं. एसएसडी (तबकडीऐवजी चिपची डिस्क) असेल तर ट्रिममुळे, म्हणजे कुठली जागा मोकळी झाली हे विंडोज डिस्कला कळवतं त्यामुळे, ती जागा आतूनच साफ होते, अनेकदा काही मिनिटांत. तिथं फारशी आशा नको.