क्लायंटला "ब्लास्टप्रूफ लॉबी" हवीये, नक्की काय देऊ?

बाणेरवाली आर्किटेक्ट
नमस्कार मंडळी, ८ मजली ऑफिस बिल्डिंगचं काम आहे, भाडेकरू परदेशी कंपनी, त्यांच्या सिक्युरिटीवाल्याने लिस्ट पाठवलीये. ब्लास्टप्रूफ लॉबी, गेटवर बोलार्ड (गाडी अडवणारे खांब), खाली दोन बेसमेंट पार्किंग आणि समोर पूर्ण ग्लास पण पाहिजे 🙄 लॉबी दुप्पट उंचीची, मधे कॉलम नकोत म्हणे. आमचे सर म्हणतात भिंत जाड कर आणि सोडून दे. कुणी असं काम केलंय का?

रिंगा मोजणारा
ताई, ब्लास्टप्रूफ असं काही नसतं, तो शब्द आधी ड्रॉइंगवरून काढा, उद्या काही झालं तर तुमच्याच गळ्यात येईल. आणि भिंत जाड करून काय होणार, खरा धोका कॉलमला. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीच्या मरा (Murrah) बिल्डिंगबद्दल वाचा, एप्रिल १९९५, ९ मजली सरकारी ऑफिस. पुढच्या बाजूला वर कॉलम २० फुटांवर आणि खाली मोकळं दिसावं म्हणून ४० फुटांवर, म्हणजे वरचा एकाआड एक कॉलम तिसऱ्या मजल्याच्या ट्रान्सफर गर्डरवर, म्हणजे वरच्या कॉलमचा भार बाजूच्या कॉलमवर नेणाऱ्या मोठ्या बीमवर बसलेला. ट्रकबॉम्बने खालचे तीन कॉलम गेले आणि त्यांच्यावरचं सगळं खाली आलं. १६८ माणसं गेली, त्यातली बहुतेक स्फोटाने नाही, बिल्डिंग पडल्यामुळे. तुमची कॉलम नसलेली लॉबी नेमकी हीच भानगड आहे.
नंतरच्या सरकारी अभ्यासात निघालं की भूकंपासाठीचं सळ्यांचं डिटेलिंग असतं तर खूप कमी भाग पडला असता. म्हणजे आपलं आयएस १३९२० (त्याच डिटेलिंगचं भारतीय मानक) धरून नीट केलं तरी बरंच काम होतं, कॉलमच्या उभ्या सळ्यांभोवतीच्या रिंगा जवळ जवळ, त्यांच्या टोकाचे हुक १३५ डिग्रीत आत वळवलेले. साइटवर बारबेंडर (सळ्या वाकवणारा) सर्रास ९० वर सोडतो आणि कॉंक्रीट पडलं की कुणाला दिसत नाही, तेव्हा कॉलमची शटरिंग लागायच्या आधी स्वतः जाऊन बघा. आरसीसी कन्सल्टंटला एकच विचारा, खालचा कुठलाही एक कॉलम काढला तर वरचं उभं राहतं का.

अबुधाबीकर
वरच्या दादांशी सहमत, पण ग्लासकडे पण बघा. नैरोबीला १९९८ मधे अमेरिकन दूतावासावर हल्ला झाला तेव्हा आधी गेटवर आवाज झाले, आजूबाजूच्या ऑफिसातले लोक काय झालं बघायला खिडकीशी आले आणि तेवढ्यात मोठा स्फोट. कितीतरी लोकांचे डोळे गेले काचांनी. टफन्ड (कडक केलेली काच) लावलं की झालं असं आपल्याकडे सगळे समजतात, पण ते फुटून बारीक तुकडे होतात आणि तेच तुकडे आत उडतात. लॅमिनेटेड घ्या, दोन काचांमधल्या फिल्ममुळे फुटलं तरी चिकटून राहतं. फ्रेम आणि अँकर पण त्याच ताकदीचे हवेत, नाहीतर अख्खं पॅनल आत येईल.

गिरगावचा काका
बेसमेंट पार्किंगवर कुणीच बोललं नाही! २६ फेब्रुवारी १९९३ ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या पार्किंगमधे गाडी फुटली आणि बरोबर दोन आठवड्यांनी १२ मार्चला आपल्या स्टॉक एक्स्चेंजच्या बेसमेंटमधे. टॉवर उभा राहिला, माणसं गेलीच. म्हणून व्हिजिटरच्या गाड्या बिल्डिंगखाली नकोतच, बाहेर कंपाउंडच्या कडेला. अंतर हे सगळ्यात स्वस्त औषध आहे पोरी. गेटवर गाडीखाली आरसा फिरवणारा वॉचमन फक्त दिखावा.

बाणेरवाली आर्किटेक्ट
काका, प्लॉटच एवढासा आहे, अंतर कुठून आणू 😅 आणि बोलार्ड लावले की फायरवाले ओरडतात.

रिंगा मोजणारा
फायर टेंडरचा (अग्निशमन गाडीचा) ६ मीटरचा रस्ता सोडावाच लागतो, तिथे काढता येणारे किंवा खाली जाणारे बोलार्ड टाका आणि एनओसीच्या ड्रॉइंगमधे आधीच दाखवा. नुसते फरशीत रोवलेले पाइप नकोत, खाली फाउंडेशन लागतं, गाडीच्या धडकेचं रेटिंग असलेलेच घ्या. अंतर नाहीये तर लॉबी आणि व्हिजिटरची जागा मेन बिल्डिंगच्या बाहेर काढा, वेगळा एकमजली ब्लॉक, तपासणी तिथेच. तो गेला तरी वरचे मजले त्याच्यावर नाहीत. आणि काका, आरसा अगदीच वाया नाही हो, निदान गाडी थांबते तरी.

गिरगावचा काका
थांबते खरी. पण २६/११ ला ताजमधे बॉम्बची गाडी घुसलीच नव्हती, अतिरेकी बंदुका घेऊन चालत आत शिरले आणि वर आग लागली. त्यामुळे जिने, धूर बाहेर काढायची सोय आणि किचनकडून निघणारा मागचा रस्ता हे पण त्या लिस्टमधे टाक, सिक्युरिटीवाल्याने लिहिलं नसलं तरी.

बाणेरवाली आर्किटेक्ट
टाकते. वेगळ्या ब्लॉकचं स्केच सरांना दाखवलं, एफएसआयवरून (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं त्यावरून) कुरकुर चालू आहे, सोमवारी क्लायंटसमोर ठेवतोय.