टपाल कपातीविरुद्धचा लढा फक्त पगारासाठी नसतो

'युनियन स्वतःच्या नोकऱ्यांसाठी ओरडते, त्यात लोकांना कशाला ओढता?' टपाल कर्मचाऱ्यांच्या युनियनबद्दल काढला जाणारा हा मुद्दा मला अजिबात पटत नाही. कॅनडाचंच बघा. डिसेंबर २०१३ मध्ये कॅनडा पोस्ट या तिथल्या सरकारी टपाल कंपनीने शहरांतलं दारोदारचं टपाल वाटप टप्प्याटप्प्याने बंद करायचं जाहीर केलं. सुमारे ५० लाख घरांना दारात पत्र मिळणं थांबून वस्तीतल्या सामायिक टपालपेट्यांपर्यंत जावं लागणार होतं. तिथल्या हिवाळ्यात, गोठलेल्या फूटपाथवरून काठी टेकत निघालेली आजी किंवा व्हीलचेअरवरचा माणूस डोळ्यांपुढे आणा!

युनियनने नेमकी हीच माणसं बरोबर घेतली. ज्येष्ठ नागरिक, अपंगांच्या संघटना, नगरपालिका सगळे बोलू लागले. माँट्रियलचे तेव्हाचे महापौर डेनी कोदेर यांनी तर ऑगस्ट २०१५ मध्ये पेट्यांसाठी घातलेला काँक्रीटचा ओटा स्वतः ड्रिल मशीनने फोडला. ऑक्टोबरमध्ये निवडणूक झाली, सरकार बदललं आणि पेट्यांचं काम थांबलं. नुसत्या संपाने हे झालं असतं असं मला वाटत नाही.

अर्थात कॅनडा पोस्टचा तोटा खरा आहे, पत्रं कमी झालीत, हे मान्य. पण तो विजयही टिकला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारने उरलेल्या सुमारे ४० लाख घरांचं दारातलं टपाल वाटप बंद करायला पुन्हा परवानगी दिली. म्हणून वाटतं, कपात जाहीर होण्याची वाट बघू नये. पोस्टमनला रस्त्यावरचं प्रत्येक दार माहीत असतं. या ओळखीतून लोक आधीपासूनच युनियनशी जोडलेले हवेत.