बल्गेरियाच्या डोंगरांतले तुमचे अनुभव

रूळवेडा
काल माळ्यावरची जुनी कागदपत्रे चाळताना एक चुरगळलेले तिकीट हाती आले आणि बारा वर्षांपूर्वीचा प्रवास जसाच्या तसा आठवला. सेप्तेम्व्री ते दोब्रिनिश्ते हे १२५ किलोमीटर कापायला ती अरुंद रुळांची गाडी पाच तास घेते. वेलिनग्राद सोडल्यावर ती डोंगरात स्वतःभोवतीच वळसे घालत चढते, त्यामुळे मघाशी ज्यावरून आलो तो रूळ थोड्या वेळाने खिडकीतून बराच खाली दिसतो. आव्रामोवो हे १२६७ मीटरवरचे स्थानक बाल्कन प्रदेशातले सर्वांत उंच. रुळांमधले अंतर ७६० मिलिमीटर, म्हणजे आमच्या जुन्या बार्शी लाइट रेल्वेपेक्षा जेमतेम दोन मिलिमीटर कमी! आजोबांनी कुर्डुवाडीच्या गाडीच्या इतक्या गोष्टी सांगितल्या होत्या, की त्या डब्यात मला परके वाटलेच नाही. रिला, पिरिन, रोडोपी हे डोंगर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी सवडीने लिहावे.

अबोली
याच गाडीने माझी फजिती झाली. ही बान्स्कोला जाते ना, असे शेजारच्या आजींना विचारले, तर त्यांनी मान आडवी हलवली. मी पिशव्या सावरत राझलोगला उतरले आणि गाडी माझ्या डोळ्यांदेखत बान्स्कोकडे निघून गेली. तिकडे आडवी मान म्हणजे होकार असतो, हे मला फलाटावर कळले. शिवाय त्यांच्या भाषेत ‘ने’ म्हणजे ‘नाही’, त्यामुळे कोणी ‘ने’ म्हटले की मी सवयीने काहीतरी उचलायला वाकत असे.

रूळवेडा
अबोलीताई, आपली मान तर दोन्ही बाजूंना डोलते. आजींनी त्याचा काय अर्थ लावला असेल?

पायपीट
रिलाच्या सात सरोवरांविषयी लिहितो. पानिचिश्तेच्या वरून खुर्च्यांच्या पाळण्याने साधारण २१०० मीटरपर्यंत जाता येते आणि पुढे पायवाट आहे. सरोवरांची नावे अश्रू, डोळा, मूत्रपिंड, जुळे अशी आहेत. आम्हाला धुक्यामुळे चार सरोवरे केवळ नावानेच भेटली. मात्र त्या दिवशी १९ ऑगस्ट होता आणि धुके क्षणभर विरले तेव्हा मूत्रपिंड सरोवराच्या काठच्या हिरवळीवर पांढऱ्या कपड्यांतली शेकडो माणसे वर्तुळे करून संथ नाचत होती. ते पेतर दुनोव या बल्गेरियन अध्यात्मगुरूंचे अनुयायी, दर वर्षी तिथे जमणारे. सौभाग्यवती म्हणाल्या, “हे यांचे वारकरीच दिसतात.”

विरजण
जेवणाचे कोणीच लिहिलेले नाही. सासूबाई शुद्ध शाकाहारी असल्याने मी धास्तावले होते, पण पांढऱ्या चीजची पापुद्रेदार बानित्सा, घेवड्याचे सूप आणि काकडी-दही-अक्रोडाचे गार तारातोर यांवर आठ दिवस सुखाने गेले. बान्स्कोच्या घरमालकीणबाईंनी मातीच्या गाडग्यात लावलेले दही सुरीने कापावे इतके घट्ट होते. त्यातले चमचाभर स्वच्छ रुमालावर पसरून वाळवले आणि पुण्यात कोमट दुधात तो रुमाल बुडवला. दही लागले, किंचित तारही आली, पण तिसऱ्या विरजणानंतर ते आपल्या नेहमीच्या दह्यासारखेच झाले.

अबोली
विरजणताई, दूध म्हशीचे घेतले होते का?

विरजण
गायीचेच घेतले होते, कारण म्हशीच्या दुधाची परीक्षा घेण्याइतका रुमाल मोठा नव्हता.

कातळकडा
मुसाला २९२५ मीटर, ऑलिंपसहून काही मीटरच उंच, त्यामुळे बाल्कनमधले सर्वोच्च शिखर हेच. बोरोवेत्सहून पाळण्याने यास्त्रेबेत्सला गेल्यामुळे निम्मी चढाई वाचते, आणि कळसूबाई अनेकदा केलेल्या माणसाला उरलेली वाट किरकोळ वाटते. आम्हालाही वाटली. वरच्या गोठलेल्या सरोवराजवळच्या झोपडीपर्यंत ऊन होते. तिथून शिखराच्या सोंडेवर लोखंडी खांबांना तार बांधलेली आहे, जी धुक्यात मोठा आधार होते. त्या तारेला हात घातला आणि ढग गडगडला. विजेच्या दिवसात लोखंडी तार धरून उभे राहणे म्हणजे काय, हे कोणी समजावण्याची गरज पडली नाही. शिखर वीस मिनिटांवर असताना परतलो. माझ्या भाच्याला अजून ते पटलेले नाही.

सुगरण
आईला घेऊन रिला मठात गेले होते. १८३३ च्या आगीनंतर पुन्हा उभारलेल्या त्या पट्ट्यापट्ट्यांच्या कमानींपेक्षा तिला संग्रहालयातला लाकडी क्रूस अधिक भावला. राफाईल नावाच्या साधूने बारा वर्षे सुईच्या टोकाने कोरून तो १८०२ मध्ये पुरा केला आणि त्या कामात त्याची दृष्टी गेली, असे सांगतात. आई बराच वेळ काचेला नाक लावून उभी होती. शेवटी म्हणाली, “याला कोणी उजेडात बस म्हणून सांगितले नाही का?”

पायपीट
कातळकडा, भाच्याला सांगा, शिखर कुठे पळून जात नाही. सप्टेंबरात आम्ही पुन्हा निघतो आहोत, येणार असाल तर कळवावे.

कातळकडा
येतो. भाच्याचे तिकीटही धरा.