एएचटीचं टार्गेट एजंटच्या गळ्यात कशाला?

तिसरी पाळी:
कॉल सेंटरमध्ये बोलणं, होल्ड आणि कॉल संपल्यावरची नोंद (एसीडब्ल्यू) या तिन्हींच्या वेळेची बेरीज भागिले कॉल, म्हणजे एएचटी, एका कॉलला लागणारा सरासरी वेळ. फ्लोअरवर किती माणसं बसवायची हे ठरवायला हा आकडा उत्तम आहे. एजंटच्या मासिक गुणपत्रिकेत शिरला की नासतो.

सहा मिनिटांचं टार्गेट लावा आणि साडेपाचव्या मिनिटाला काय बोललं जातं ते रेकॉर्डिंगमध्ये ऐका. "तुमची तक्रार नोंदवली आहे, २४ तासांत कळवू." तक्रार क्रमांक दिला, फोन ठेवला, प्रश्न होता तिथेच. दुसरी पळवाट ट्रान्सफर. ग्राहकाला काही न सांगता दुसऱ्या विभागाच्या रांगेत ढकललं की आपल्या नावावर तीनच मिनिटं लागतात. आणि तिसरी, जी कुणाच्या डोळ्यावर येत नाही: नोंदीत फक्त "ग्राहकास माहिती दिली" एवढंच लिहायचं. पुढचा एजंट मग पहिल्यापासून सगळं विचारत बसतो. इथे वाचवलेलं अर्धं मिनिट तिथे दोन मिनिटं खातं.

एएचटी नियोजनवाल्यांकडे राहू द्या, एजंटच्या स्क्रीनवरून काढा.

आकडेमोड:
साफ असहमत. ज्याचा फोन उचललाय त्याचीच बाजू तुम्ही मांडताय. रांगेत ताटकळणाऱ्याचं काय?

तासाला १०० कॉल, प्रत्येकी ६ मिनिटं. ६०० मिनिटांचं काम, म्हणजे दहा माणसं तासभर सलग गुंतलेली, म्हणजेच १० अर्लांग. (डेन्मार्कच्या अर्लांगसाहेबांनी १९१७ साली टेलिफोन एक्स्चेंजसाठी मांडलेलं गणित अजून निम्मी दुनिया चालवतंय.) अर्लांग सी (रांगेतलं थांबणं काढायचं त्यांचं सूत्र) लावलं तर ११ माणसांवर सरासरी थांबणं चार मिनिटांच्या आसपास येतं. १३ माणसांवर ७६ टक्के कॉल २० सेकंदांत उचलले जातात, म्हणजे ८०-२० (८० टक्के कॉल २० सेकंदांत) हे टार्गेट थोडक्यात हुकतं. १४ वर ८६ टक्के, सरासरी थांबणं १६ सेकंद.

आता याच १४ जणांनी प्रत्येक कॉलला एकच मिनिट जास्त घेऊ द्या. १६ सेकंदांचे ७५ सेकंद होतात. काम वाढलं सहाव्या हिश्श्याने, थांबणं जवळजवळ पाचपट. रांग अशीच असते, हळूहळू वाढत नाही, अंगावर येते. आणि १४ म्हणजे खुर्चीत बसलेले १४. सुट्ट्या, ट्रेनिंग, ब्रेक यांचे ३० टक्के धरले तर रोस्टरवर २० लागतात. "हवा तेवढा वेळ बोला" म्हणणं सोपं आहे, ती वाढीव माणसं कोण देणार?

तिसरी पाळी:
@आकडेमोड, तुमच्याच आकड्यांवर बोलू. सात मिनिटांच्या हिशेबाने ६०० मिनिटांत ८५ कॉल बसतात. म्हणजे त्या जादा मिनिटामुळे शंभरातले १५ परतीचे कॉल (त्याच प्रश्नासाठी पुन्हा येणारे) टळले, तर खर्च जवळपास तेवढाच. १६ वा टळला की नफा सुरू. "२४ तासांत कळवू" ऐकलेला ग्राहक पुन्हा फोन करत नाही असं तुम्हाला खरंच वाटतं?

शिवाय अर्लांग सी मध्ये कुणीच कंटाळून फोन ठेवत नाही असं गृहीत असतं. ११ माणसांवरची तुमची चार मिनिटं प्रत्यक्षात कमीच दिसतील, कारण निम्म्या वाटेत लोक कटतात. दिसायला आकडा बरा, ग्राहक गेलेला.

होल्डवरची धून:
दोघेही परतीचे कॉल नीट मोजता येतात असं धरून भांडताय. ते मोजणंच सगळ्यात किचकट. सर्वसाधारण रीत अशी: त्याच नंबरवरून सात दिवसांत त्याच कारणाचा कॉल आला की पहिला कॉल नापास. पण घरात एकच नंबर चौघं वापरतात, उलट एकच माणूस दोन नंबरांवरून बोलतो. आणि कारण ठरतं डिस्पोझिशनवरून, म्हणजे कॉल संपल्यावर यादीतून निवडायच्या पर्यायावरून, तो एजंटच निवडतो. घाईत यादीतला पहिला पर्याय किंवा "इतर" टिचकवला की तुमचा एफसीआर (पहिल्याच कॉलमध्ये प्रश्न सुटण्याचं प्रमाण) कागदावर झकास. नंबराऐवजी ग्राहक खात्यावर मोजा आणि डिस्पोझिशनची यादी दहा-बारावर आणा. चाळीस पर्यायांतून कुणी प्रामाणिकपणे निवडत नाही.

रिमोट कुणाकडे:
जरा विषयांतर. मालिकांत कॉल सेंटर दाखवतात तेव्हा नायिका हेडसेट काढते, तावातावाने उठते आणि बॉसच्या केबिनमध्ये जाऊन तीन भाग पुरेल इतकं भांडते. ऑक्स (जागेवर नाही हे सिस्टिमला सांगणारं बटण) न लावता उठलीस बाई! सिस्टिम तिच्याच सीटवर कॉल टाकत राहणार, वाजून वाजून तो परत रांगेत जाणार, आणि टीएल (टीम लीडर) तिथेच उभा असणार. नोंद लिहिताना तर कुणी कधी दिसतच नाही.

तिसरी पाळी:
@रिमोट कुणाकडे, हसण्यावारी नेऊ नका. फ्लोअर न पाहिलेले मॅनेजरही एसीडब्ल्यूला असंच "रिकामा वेळ" समजतात.

आकडेमोड:
एसीडब्ल्यूबद्दल मान्य, पण काहीजण त्याच्याआड विश्रांती घेतात हेही खरं. आणि परतीच्या कॉलचा हिशेब बरोबर असला तरी तो "जादा मिनिटाने प्रश्न सुटतो" या गृहीतावर उभा आहे. ते मिनिट बऱ्याचदा दुसरीकडेच जातं: स्क्रीन उघडत नाही, परतावा मंजूर करायला सुपरवायझर सापडत नाही, एकाच ग्राहकासाठी तीन सॉफ्टवेअर. होल्ड वेगळा काढून पाहा. तो मोठा निघाला तर एजंटला टार्गेट देऊन काही होणार नाही आणि मोकळीक देऊनही नाही. त्याला ठरावीक रकमेपर्यंत परतावा स्वतः मंजूर करू द्या.

पण मर्यादा मी सोडणार नाही. सरासरीऐवजी कॉलच्या प्रकारानुसार वेळेचा पट्टा (इतक्यापासून इतक्या मिनिटांपर्यंत) ठेवा. पत्ता बदलणं आणि बिलाचा वाद यांना एकच सहा मिनिटं लावणं हा मूर्खपणा, एवढं कबूल. पट्ट्याच्या दुप्पट गेलेले कॉल ऐका.

तिसरी पाळी:
आणि ३० सेकंदांच्या आत संपलेलेही. टार्गेटची खरी करामत तिथे सापडते: "हॅलो, हॅलो, तुमचा आवाज येत नाही."