राउंड करून तुलना करणं चूक की सोयीचं?

राजवाडा_कोडर (इंदूर): दोन आकडे दोन दशांशांपर्यंत सारखे आहेत का, हे बघायला लोक सर्रास दोन्ही राउंड करून == (प्रोग्राममधलं ‘समान आहे का’ तपासणारं चिन्ह) लावतात. ही सवय मोडायलाच हवी. ९.९९४९ आणि ९.९९५१ घ्या. फरक फक्त ०.०००२, पण राउंड केलं की ९.९९ आणि १०.००, म्हणजे वेगळे! उलट ९.९९५१ आणि १०.००४९ यांच्यात त्याच्या ४९ पट फरक, तरी ते सारखे. त्यापेक्षा वजाबाकी करा, उणे चिन्ह आलं तर सोडा आणि ठरवलेल्या मर्यादेच्या आत बसतं का ते पाहा. एका ओळीचं काम आहे.

सराफ्यातला: भाऊ, अजिबात पटलं नाही. आमचं बिलिंगचं काम आहे. दोन बिलांवर १०.०० ग्रॅम छापलंय आणि प्रोग्राम म्हणतो वेगळे, तर काउंटरवर गिऱ्हाइकाला काय सांगायचं? शिवाय मर्यादा ०.००५ धरली तर १०.००० आणि १०.००४ सारखे, १०.००४ आणि १०.००८ही सारखे, पण पहिला आणि तिसरा वेगळे. यावर गट कसे पाडणार?

राजवाडा_कोडर: गटांचं मान्य, तिथं राउंडच हवं. पण मग फ्लोट (संगणकातली दशांशाची संख्या) कशाला? वजन मिलिग्रॅममध्ये, रक्कम पैशांत, पूर्णांकच ठेवा. ०.१ बायनरीत, म्हणजे संगणकाच्या ०-१ च्या पद्धतीत, नेमका मावत नाही, म्हणून ०.१ + ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत २.६७५ राउंड केलं की २.६८ नाही, २.६७ मिळतं, तेही त्यामुळेच.

पीथमपूरकर: सेन्सरच्या रीडिंगना मर्यादाच लागते, पण सगळीकडे एकच नको. हजार कोटींच्या आसपास दोन शेजारच्या डबल (फ्लोटचाच नेहमीचा ६४ बिटांचा प्रकार) संख्यांत साधारण ०.०००००२ एवढं अंतर असतं. तिथं ०.००००००००१ ची मर्यादा म्हणजे निव्वळ ==. आकड्याच्या प्रमाणात मर्यादा घ्या, आणि शून्याशी तुलना असेल तर ठरावीक मर्यादा वेगळी द्या.

सराफ्यातला: मिलिग्रॅमचं पटलं. पण भाव गुणिले वजन, त्यावर टक्क्यांत घडणावळ, वर ३ टक्के जीएसटी, म्हणजे अपूर्णांक येणारच. प्रत्येक ओळीला राउंड केलं आणि शेवटच्या बेरजेला केलं, तर उत्तरं पैशांनी हटतात. तिथं मर्यादा लावून ‘जुळलं’ म्हणणं म्हणजे हिशेबातली चूक झाकणं. राउंड कुठे करायचं ते एकदा ठरवायचं आणि ताळा पैशापर्यंत जुळवायचा, मी तरी हेच करणार.